इंजिन नवं, मीटर जुनंच

बुलढाणा जिल्ह्यातल्या अमडापूर, उंद्री, चिखली या पट्ट्यात डिझेलची गाडी कुणी लवकर विकत नाही. ती सोयाबीन-तुरीच्या हंगामात शेतावर जाते, लग्नसराईत पाहुणे नेते, रात्री-अपरात्री दुखणेकऱ्याला घेऊन बुलढाणा गाठते, आणि कधी ना कधी तिचं इंजिन खोलावंच लागतं. इंजिन बांधून झालं, सुरू झालं, पहिला धूर बसला, की गॅरेजात एक प्रश्न ठरलेला असतो: "भाऊ, मीटर झिरो करून देऊ का? इंजिन तं आता नवंच झालं." आमच्या टाटा सुमोच्या वेळी मला हे विचारलं गेलं, पुढे ट्रॅक्टरच्या वेळी विचारलं गेलं, आणि आता गावातल्या कुणाच्या गाडीचं काम निघालं की ती पोरं माझ्याकडे येतात. मी सांगतो, मीटरला हात लावू देऊ नका. कारण विचारलं तर मात्र बसून बोलावं लागतं. ते बोलणं इथे क्रमाने लिहून ठेवतो.

१. मीटर गाडीचं आहे, इंजिनाचं नाही

जुन्या गाडीत मीटरची केबल निघते ती गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाजवळून. मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट फिरला की तिथलं लहानसं गिअर फिरतं, केबलमधली तार फिरते, आणि डॅशबोर्डमागची आकड्यांची चाकं दात-दात पुढे सरकतात. जपानी धाटणीच्या मीटरमध्ये केबलचे ६३७ फेरे झाले की एक किलोमीटर पडतो. या सगळ्यात इंजिन कुठेच मोजलं जात नाही. गाडी जागेवर उभी करून तासभर इंजिन चालू ठेवा, मीटर हलणार नाही. उलट मागची चाकं जमिनीवर ठेवून गाडी दोराने ओढत न्या, इंजिन थंडगार असलं तरी किलोमीटर वाढत जातील.

म्हणजे तो आकडा सांगतो की ही गाडी रस्त्यावरून एकूण किती आली. तेवढं अंतर चेसिसने खाल्लेलं आहे, मागच्या पाट्यांनी, पाट्यांच्या बुशांनी, प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसांनी, स्टिअरिंग बॉक्सने, बॉल जॉइंटांनी, ब्रेकच्या ड्रमांनी, व्हील बेअरिंगांनी खाल्लेलं आहे. डॅशखालच्या वायरिंगने तेवढी धूळ आणि तेवढे उन्हाळे काढले आहेत. इंजिन बांधताना यातल्या एकाही वस्तूला पाना लागत नाही. मग मीटर शून्यावर आणलं तर इंजिनाबरोबर या सगळ्यांना नवं ठरवल्यासारखं होतं.

बोथ्याच्या घाटातून उतरताना गाडी थांबवायची असते ती ब्रेकने, आणि ब्रेकच्या पायपांचं वय इंजिनाच्या पिस्टनावरून कळत नाही. माझा आग्रह मुळात इथून सुरू होतो.

जाता जाता टायरचं सांगतो, कारण फार जण विचारतात. मीटर चाकाचे फेरे मोजतं, जमीन मोजत नाही. कंपनीने दिलेल्या मापापेक्षा पाच टक्के मोठ्या घेराचे टायर घातले तर मीटरवर १,००० पडतील तेव्हा गाडी खरी १,०५० किलोमीटर चाललेली असेल. गुळगुळीत झालेल्या टायरांचं थोडं उलट होतं. टायरचं माप बदललं तर तारीख आणि त्या दिवसाचा आकडा लिहून ठेवावा, बस.

२. बांधलेलं इंजिन आपलं वय अंगावर घेऊन फिरतं

आमचा ब्लॉक बोअर करायला खामगावला नेला होता. लेथवाल्याने तो धुऊन-पुसून टेबलावर ठेवला आणि मला म्हणाला, "बोट घाला आत. वरच्या कडेजवळ नख फिरवा." नख फिरवलं आणि ते अडकलं. पिस्टनची वरची रिंग जिथून परत फिरते तिथे सिलिंडर झिजून खोल गेला होता आणि त्याच्या वर न झिजलेल्या लोखंडाची बारीक कड उरली होती. मग त्याने बोअर गेज आत सोडलं. खालच्या भागात काटा जवळजवळ स्थिर, वर येऊ लागला तसा सरकत गेला. सिलिंडर वर झिजतो जास्त आणि खाली कमी. इंजिन ऑइल खाऊ लागतं, ऑइलचं झाकण उघडलं की भकाभका धूर येतो, तो याच झिजेमुळे. आमच्या गाडीचे लाखो किलोमीटर त्या काट्याच्या हालचालीत होते.

सुमोच्या त्या इंजिनाचं नाव ४८३: चार सिलिंडर, ८३ मिलिमीटरचा बोअर. स्ट्रोक ९० मिलिमीटर, म्हणून १९४८ सीसी. आम्ही अर्धा मिलिमीटर बोअर वाढवला. नवे पिस्टन आले त्यांच्या डोक्यावर ०.५० असं ठोकलेलं होतं. हिशेब करून पाहिला तर आरसी बुकावर १९४८ सीसी आणि आत सुमारे १९७१ सीसी. हा फरक गाडी चालवताना जाणवत नाही, पण तो आकडा पिस्टनावर कायमचा आहे. पुढच्या मिस्त्रीने हेड काढलं की त्याला लगेच कळेल, हे इंजिन एकदा कापलेलं आहे. अजून एकदा कापता येईल, कदाचित. ब्लॉकच्या भिंतीला मर्यादा असते. ती आली की स्लीव्ह ठोकायची. क्रँकचंही तसंच: जर्नल घासले की ते बारीक होतात आणि बेअरिंग तेवढी जाड घालावी लागतात. सिलिंडर मोठे होत जातात, क्रँक बारीक होत जाते, आणि दोन्हींना शेवट आहे.

शिवाय इंजिन बांधलं या दोन शब्दांत किती काय काय बसतं! कुणी नुसतं हेड उतरवून व्हॉल्व्ह घासतो. कुणी हाफ इंजिन करतो: रिंगा, मोठ्या एंडची बेअरिंग, गॅस्केट, झालं. कुणी फुल इंजिन करतो: बोअर, पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग, ऑइल पंप, व्हॉल्व्ह गाइड, सीट कटिंग, हेड फेसिंग, टायमिंगचा सगळा संच. तरीही फुल कामात ब्लॉक जुनाच असतो, कनेक्टिंग रॉड बहुधा जुनेच, डिझेल पंपाचं काम वेगळ्या दुकानात, तेही केलं तर. रिंगा बदललेल्या गाडीचं मीटर शून्य आणि फुल काम केलेल्या गाडीचंही शून्य, तर त्या शून्याने कोणाला काय कळलं? ज्याने खरा खर्च केला, त्याचंच यात नुकसान आहे.

३. दोन हिशेब ठेवा, एक पुसू नका

सातबाऱ्यावर जमिनीचा काही बदल झाला की फेरफार पडतो. नवी नोंद होते, पण मागच्या नोंदी कुणी खोडत नाही. गाडीचं असंच ठेवायचं.

विमानवाल्यांनी ही गोष्ट फार पूर्वी ओळखली. विमानाच्या सांगाड्याची नोंदवही वेगळी, इंजिनाची वेगळी. इंजिनाच्या वहीत दोन आकडे शेजारी-शेजारी चालतात: जन्मापासून किती तास चाललं आणि शेवटच्या ओव्हरहॉलपासून किती तास चाललं. ओव्हरहॉल झालं की दुसरा आकडा शून्यावर येतो, पहिला चालूच राहतो. अमेरिकेच्या विमान नियमांत इंजिनाला मागचा इतिहास नसलेली कोरी वही सुरू करायची मुभा आहे, पण इंजिन बनवणाऱ्या कंपनीने किंवा तिने मान्यता दिलेल्या संस्थेनेच ते पुन्हा बांधलेलं असेल तर. प्रत्येक भाग नव्याच्या मापात बसतो की नाही हे तपासून जो जबाबदारी घेतो, त्याच्यासाठीच ती मुभा आहे. तीही फक्त इंजिनाला. विमानाच्या पंखांचे तास कुणीच शून्य करत नाही.

एसटीचंच पाहा. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर अशी पहिली बस धावली तेव्हापासून या महामंडळाने किती इंजिनं बांधली असतील! मोठ्या ताफ्यात एका बसचं इंजिन उतरतं, बांधून तयार असलेलं दुसरं चढतं, आणि उतरलेलं पुढे तिसऱ्याच बसला बसतं. अशा ठिकाणी बसच्या मीटरवर इंजिनाचं वय शोधण्यात अर्थच नाही. इंजिनाचा हिशेब इंजिनाच्या नंबराने ठेवावा लागतो.

आपल्या एका गाडीला इतका पसारा लागत नाही. दोनशे पानी वही पुरते. पहिल्या पानावर इंजिन नंबर, चेसिस नंबर. मग इंजिन कामाची तारीख, त्या दिवसाचं मीटर, बोअरचं आणि क्रँकचं माप, कोणते भाग नवे, कोणते जुने ठेवले. जुने ठेवलेले मुद्दाम लिहावेत; तेच पुढे आठवत नाहीत. आमचं काम झालं तेव्हा मीटर २,८७,४१० वर होतं. आज मीटर पाहिलं की त्यातून एवढं वजा करतो, इंजिनाचे नवे किलोमीटर मिळतात. वजाबाकी प्रत्येकाला येते. ट्रिप मीटर असेल तर ते ऑइल बदलण्यापुरतं शून्य करावं. ते त्यासाठीच दिलेलं आहे, आणि त्याने कुणाची फसवणूक होत नाही.

४. आकडा गाडीवरच कोरा

वही हरवते. गाडी विकली जाते आणि वही कपाटात राहते. घरात मुलगा वेगळा निघतो, गाडी त्याच्याकडे जाते, वही आईच्या पेटीत. म्हणून नोंद गाडीच्या अंगावर हवी.

अमेरिकेत १९७२ मध्ये मीटरच्या फसवणुकीविरुद्ध केंद्रीय कायदा झाला. त्यात एक तरतूद मला फार शहाणपणाची वाटते. मीटर दुरुस्त करताना किंवा बदलताना जुना आकडा कायम ठेवता येणं शक्यच नसेल, तर नवं मीटर शून्यावर लावायचं आणि गाडीच्या डाव्या दाराच्या चौकटीवर लेखी सूचना चिकटवायची: आधीचा आकडा इतका, दुरुस्तीची तारीख अमुक. ती सूचना फसवण्याच्या हेतूने काढणं किंवा बदलणं हाही गुन्हा. त्यांची ड्रायव्हरची बाजू डावी, म्हणून डावी चौकट.

मी चिखलीच्या बाजारात भांड्यांवर नावं घालून देणाऱ्याकडे गेलो. त्याच्यासमोर लग्नातल्या आहेराचे स्टीलचे डबे रांगेने मांडलेले होते. त्याला तळहाताएवढी ॲल्युमिनियमची पट्टी दिली आणि कागदावर मजकूर. त्याने यंत्राची सुई टेकवली, घर्रर्र आवाज करत ओळी उमटल्या: "इंजिन काम. मीटर २,८७,४१०. बोअर ०.५०. क्रँक ०.२५." खाली महिना आणि साल. पैसे घेताना त्याने विचारलं, "हे कोणाले द्याचं हाय?" मी म्हणालो, गाडीला. पट्टीला दोन भोकं पाडली आणि बॉनेटच्या आत, रेडिएटरच्या वरच्या आडव्या पत्र्यावर रिव्हेटने बसवली. कुठलाही मिस्त्री बॉनेट उघडतो तेव्हा पहिली नजर तिथेच पडते. खर्च नगण्य. इंजिन कामाच्या बिलात हा खर्च धरा, असं मी प्रत्येकाला सांगतो.

५. पहिले हजार-दीड हजार किलोमीटर

मीटर शून्य करण्यामागे एक सरळ कारणही असतं, ते नाकारत नाही. रनिंग-इन मोजायला सोपं जातं. नव्या रिंगा आणि होनिंगच्या आडव्या-तिरप्या रेघा यांची एकमेकांशी सवय व्हायची असते. या काळात गाडी ओझ्याने लादू नये, चढावर वरच्या गिअरमध्ये कण्हायला लावू नये, एकाच वेगात तासन् तास पळवू नये. पण फार लाडही करू नयेत. जागेवर उभी ठेवून तास-दीड तास चालवायची आपल्याकडे पद्धत आहे, ती वाईट. दाब पडला नाही तर रिंगा बसत नाहीत, सिलिंडर चकचकीत होतो आणि गाडी कायम ऑइल खाते. वेग कमी-जास्त करत, मधूनच जरा जोर देत चालवावी. पहिलं ऑइल लवकर काढावं, कारण त्यात बारीक लोखंड असतं. काढलेलं ऑइल पांढऱ्या भांड्यात घेऊन उन्हात धरा, चमक दिसते.

हे सगळं वजाबाकीवर किंवा ट्रिप मीटरवर भागतं.

६. ट्रॅक्टरचं मीटर वेगळं आहे, म्हणून मोहही मोठा आहे

मोटारीचं मीटर अंतर मोजतं, ट्रॅक्टरचं तास मोजतं, आणि ते तास इंजिनाचेच असतात. म्हणून ट्रॅक्टरचं इंजिन बांधलं की मिस्त्री जास्त ठामपणे म्हणतो, आता तं शून्य करायलाच पाहिजे. वरकरणी पटण्यासारखं आहे.

पण तारेवर चालणारं जुनं तास मीटर घड्याळासारखं चालत नाही. ते इंजिनाचे फेरे मोजतं. कंपनीने ठरवलेल्या फेऱ्यांवर इंजिन चाललं तर एका तासाला एक तास पडतो. त्याहून हळू चाललं तर कमी पडतो. दिवसभर ट्रॉली रिकामी नेणाऱ्याचा ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटरवर, थ्रेशरवर ताणून चालवलेला ट्रॅक्टर, दोघांचे मीटरचे तास सारखे दिसले तरी घड्याळाचे तास सारखे नसतात. काळ्या मातीत ओल असताना नांगरट केली की जोर पडतो तो इंजिनापेक्षा क्लच, गिअर, मागचा एक्सल, हायड्रॉलिक यांच्यावर. ट्रॅक्टर विकत घेणारा शेतकरी तासांवरून याच गोष्टींचा अंदाज बांधतो. इंजिन बांधलं म्हणून ते तास पुसले, तर पेरणीच्या तोंडावर हायड्रॉलिकने मान टाकली की त्याचा हंगाम जातो. सोयाबीनची पेरणी आठ दिवस लांबली तर काय होतं हे आपल्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. म्हणून ट्रॅक्टरच्या बाबतीत मी मोटारीपेक्षाही कडक आहे. मडगार्डच्या आतल्या बाजूला पट्टी, तास मीटर जसंच्या तसं.

७. मीटर खरोखर बंद पडलं तर

केबल तुटते. गिअरबॉक्सकडचं प्लास्टिकचं गिअर झिजतं. केबल आठवडाभरात बदलली तर मधले किलोमीटर फार नसतात. अंदाजाने लिहून ठेवावेत. वर्षानुवर्षं बंद मीटरने फिरणाऱ्या गाड्या मात्र आपल्याकडे ढिगाने आहेत, आणि विकताना त्यांचा तोच थांबलेला आकडा अभिमानाने सांगितला जातो. हेही मीटर मागे घेण्यासारखंच आहे, फक्त हात न लावता केलेलं.

जुन्या बऱ्याच मीटरांना पाचच आकडे होते. ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य, आणि गाडी एकदा फिरली की दोनदा हे मीटर सांगत नाही. अशा गाडीला तर वहीशिवाय इतिहासच नाही.

नव्या गाड्यांत आकडा चाकांवर नसून एका चिपमध्ये असतो, आणि बऱ्याच गाड्यांत तो मीटरशिवाय दुसऱ्या कंट्रोल युनिटमध्येही साठतो. मीटरचा संच जळाला तर नवा संच कंपनीच्या वर्कशॉपमधून बसवा, जुना आकडा त्यात भरून घ्या, ते शक्य नसेल तर जॉब कार्डवर दोन्ही आकडे लिहून सही-शिक्का घ्या. लॅपटॉप जोडून पाच मिनिटांत हवा तो आकडा टाकून देणारे भेटतात. त्यांनी एका चिपमधला आकडा बदलला तरी दुसरीकडचा राहतो, आणि स्कॅनर लावणाऱ्याला तो दिसतो.

८. मीटरपेक्षा आरटीओला इंजिन नंबर महत्त्वाचा

खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. बुलढाण्याला एमएच २८ च्या कार्यालयात गाडी नेली की चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासतात, नंबराची छाप कागदावर उमटते. इंजिन नंबर बुकाशी ताडून पाहतात. मीटर किती झालं, हे आम्हाला तिथे कुणी विचारलं नाही.

तेव्हा नियम साधा आहे. तोच ब्लॉक बोअर करून बांधला तर नंबर तोच, आरसीत काही करायचं नाही. ब्लॉक फुटला आणि जुन्या बाजारातून दुसरं इंजिन आणून बसवलं, तर नंबर बदलला. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे त्याची परवानगी आणि नोंद लागते. इंजिनाच्या खरेदीचं बिल जपून ठेवा. नोंद करायची राहिली तर अपघातानंतर विम्याच्या वेळी आणि गाडी नावावर करताना अडतं, आणि ते इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर त्रास निराळाच. लोक मीटरची चिंता करतात आणि हे विसरतात.

९. शून्य कुणासाठी?

स्वतःच्या गाडीचे किलोमीटर मालकाला माहीत असतात. मीटर शून्य केलं काय, नाही केलं काय, त्याला फरक पडत नाही. ते शून्य वाचणारा माणूस पुढचा असतो: गाडी विकत घेणारा. आपल्या भागात तो बहुतेक वेळा पहिलीच गाडी घेत असतो. कापूस-सोयाबीन विकून, थोडं कर्ज काढून, भाड्याने चालवायची म्हणून. त्याला गाडीतलं फार कळत नाही, म्हणूनच तो आकड्यावर विश्वास ठेवतो.

माझा काही फसवायचा विचार नव्हता, असं विकणारा मनापासून म्हणू शकतो. इंजिन खरंच बांधलेलं असतं. पण गाडी एका हातात थांबत नाही. पहिला मालक सांगेल, बाबा, मीटर आम्ही शून्य केलंय. दुसरा सांगेल किंवा विसरेल. तिसऱ्याला ठाऊकच नसेल.

मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. अमेरिकेत १९८७ मध्ये क्रायस्लरचं प्रकरण उघडं पडलं. कंपनीचे अधिकारी नव्या गाड्या मीटरची जोडणी काढून चालवत आणि त्या पुढे नव्या म्हणून विकल्या जात. गाड्या साठ हजारांच्या वर होत्या. कंपनीचे प्रमुख ली आयाकोका यांनी जाहीर माफी मागितली आणि त्या गाड्यांची वॉरंटी वाढवून दिली. आपल्याकडे खोटा आकडा दाखवून गाडी विकणं ही फसवणूक ठरते. ती पूर्वी भारतीय दंड संहितेच्या ४२० कलमात यायची, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये येते. जुन्या गाड्यांच्या अधिकृत डीलरांसाठी १ एप्रिल २०२३ पासून नवे नियम लागू झाले. ताब्यातली गाडी त्यांनी कुठे, कशासाठी, किती किलोमीटर नेली याची इलेक्ट्रॉनिक नोंद त्यांना ठेवावी लागते. चांगलंच आहे. पण आपल्याकडचे व्यवहार डीलरकडे कमी आणि ओळखीत जास्त होतात. तिथे कायदा पोचायच्या आधी गाडी विकली गेलेली असते.

मला आधार वाटतो तो दुसऱ्या एका उदाहरणाचा. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडला राहणारे शिक्षक इर्व्ह गॉर्डन यांनी १९६६ मध्ये व्होल्व्होची पी-१८०० गाडी घेतली आणि आयुष्यभर चालवली. २०१३ मध्ये तिने तीस लाख मैल पूर्ण केले, म्हणजे सुमारे ४८ लाख किलोमीटर. एकाच मालकाने खाजगी वापरात सर्वाधिक चालवलेली गाडी म्हणून ती गिनेसमध्ये गेली. तिचं इंजिनही बांधलेलं होतं, पहिल्यांदा खोललं ते ६ लाख ८० हजार मैलांवर. गॉर्डन यांनी तिथे मोजणी बंद करून नव्याने सुरू केली असती तर त्या गाडीचा विक्रम कुणाला कळलाच नसता. मोठा आकडा ही लपवायची गोष्ट नाही. तीन लाखांच्या पुढे गेलेलं मीटर आणि त्याशेजारी इंजिन कामाचं पक्कं बिल, हे पाहून जाणकार गिऱ्हाईक म्हणतं की या माणसाने गाडी सांभाळली. आमच्या गावात मी हे स्वतः पाहिलं आहे.

१०. बांधलेल्या इंजिनाची गाडी घेताना

मालक सांगतो, इंजिन नुकतंच बांधलंय. आनंद आहे. पण दोन बिलं मागा. एक मिस्त्रीचं, दुसरं लेथवाल्याचं. मिस्त्रीच्या बिलावर मजुरी असते. माप असतं लेथवाल्याच्या बिलावर. बोअर किती, क्रँक किती, होनिंग केलं का, हेड फेस केलं का. लेथचं बिल नसेल तर काम बहुधा हाफ इंजिनाचं आहे असं समजून भाव करा. जमलं तर त्या लेथवाल्याला फोन करा, बहुतेकांकडे वही असते.

मीटरचा आकडा पाहताना गाडीचं बाकीचं अंग पाहा. ब्रेकच्या पेडलचं रबर घासून लोखंड दिसतंय, स्टिअरिंग हाताच्या जागी गुळगुळीत झालंय, ड्रायव्हरच्या सीटचा स्पंज एका बाजूला बसलाय, आणि मीटर म्हणतंय चाळीस हजार, तर मीटरवर विश्वास ठेवू नका. रबर नवंकोरं आणि बाकी गाडी थकलेली असेल तरीही ठेवू नका. टायरच्या बाजूला चार आकड्यांचा कोड असतो, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे; टायर कंपनीच्या पहिल्या संचातलेच आहेत असं सांगत असतील तर गाडीचं साल आणि टायरचं साल जुळवून पाहा. जुन्या मीटरमध्ये आकडे एका रेषेत नसतील, एखादा वर-खाली अडकलेला असेल, किंवा मीटरच्या काचेभोवतीच्या स्क्रूंवर पेचकसाच्या खुणा असतील, तर ते कुणीतरी उघडलेलं आहे. उघडण्याचं कारण सरळही असू शकतं. विचारा, आणि उत्तर देताना समोरचा कुठे पाहतो तेही बघा.

सर्व्हिसची, बॅटरीची, टायरची जुनी बिलं मागा. वर्कशॉपच्या जॉब कार्डवर त्या दिवसाचं मीटर लिहिण्याची पद्धत आहे. तीन-चार बिलं तारखेने लावली आणि आकडे चढत गेले, तर गाडी खरी. मध्येच आकडा खाली आला तर त्या तारखेला काय झालं ते मालकाने सांगायला हवं. "इंजिन बांधलं तेव्हा शून्य केलं होतं" असं तो स्वतःहून सांगत असेल, तर मागचा आकडा किती होता ते विचारा, दोन्हींची बेरीज करा आणि विक्रीच्या कागदावर ती बेरीज त्याच्या सहीने लिहून घ्या. लिहून द्यायला तो तयार झाला तर पुढचं बोलणं गिअरबॉक्स, ब्रेक आणि चेसिसवर न्या. पैसे त्यानंतर.